अकरा मिनिटं

ग्रिम्सबीत दर तिसऱ्या मंगळवारी
मी दोन बायकांचं रक्त काढते.
एकच अंडं दुभंगून झालेल्या,
एक्याण्णव वर्षांच्या.
एडना आधी. अकरा मिनिटांनी बेरिल.

संशोधन चाललंय, माणसं इतकी कशी जगतात याचं.
रक्तातलं किती, रोजच्या वागण्यातलं किती.
माझ्याकडे फक्त सुया, चार पानांची प्रश्नावली
आणि बर्फाची पेटी, जी संध्याकाळच्या आत
लिंकनला पोचवायची.

एडना वाण्याची बायको. सगळं नेमानं.
सकाळी लापशी, रविवारी चर्च, नऊला दिवा बंद.
कुणी सिगारेट पेटवली की उठून खिडकी उघडायची.
बेरिल चाळीस वर्षं मासे धुरवायच्या भट्टीवर.
बाहेरून धूर, आतून धूर, दिवसाला वीस.
नवरे दोन : एक पुरला, एक पळाला.
साठीत सिगारेट सोडली, ती म्हणे महाग झाली म्हणून.

आणि आता नेमानं जगलेलीला काही आठवत नाही.
दोघींचं मिळून बेरिललाच आठवावं लागतं.

तिला माझं नाव झेपत नाही. विशाखाचं ती विशी करते.
मराठीत विशी म्हणजे काय ते मी तिला सांगितलेलं नाही.
मी एक्कावन्न वर्षं सात महिन्यांची आहे.
बाबांचा आकडा बावन्न. काकांचा एकोणपन्नास.
आजोबांचा कुणी मोजला नाही,
फोटोत मिशा काळ्याभोर आहेत.
हृदयाचं दुखणं आमच्या घरात पाचवीलाच पुजलेलं.
म्हणून रात्री गोळी, पहाटे गोदीच्या कडेनं पाच हजार पावलं,
वाऱ्यानं कान सुन्न होईपर्यंत.
तूप हद्दपार.

आई म्हणायची, सटवी कपाळावर लिहून जाते
आणि ते कुणाला वाचता येत नाही.
आता येतं की. चारच अक्षरांची बाराखडी,
कागदावर छापून मिळते.
पण अक्षर अजून गिचमिडच,
आणि समासात कोण कोण काय काय खरडून गेलंय,
भट्टीचा धूर, लापशी, पळालेला नवरा,
त्याचा छापा निघत नाही.

प्रश्न सतरा : इतक्या आयुष्याचं कारण, आपल्या मते?
बेरिल म्हणाली, लिही,
मी अकरा मिनिटं उशिरा आले.
अकरा मिनिटं उशिरा जाईन. त्याआधी नाही.
त्याला चौकोन नव्हता.
मी ‘इतर’वर खूण केली.

सुई नुकतीच काढली होती.
समोरच्या खुर्चीत एडना जागी झाली,
बेरिलकडे एकटक बघितलं,
आणि उजवा हात उचलून
कानामागची बट नीट करू लागली.
तिला वाटलं, आरसा आहे.

बेरिलनं कोपरावरचा कापूस पडू दिला.
डावा हात उचलला,
तितकाच हळू, तितकाच वर,
आणि तिच्या कानामागे नसलेली बट
नीट केली.
दंडावरून रक्ताचा एक ओघळ खाली आला, तेवढंच काय ते वेगळं.
एडना हसली. आरसा हसला.
‘बरी दिसतेय मी अजून,’ एडना म्हणाली.

मी नळ्यांवर नावं चिकटवली.
चिकटवली नसती, तर कुठली कुणाची
हे मलाही सांगता आलं नसतं.

गाडीत बसल्यावर आरसा सरळ केला,
तर त्यात बाबांच्या भुवया.
त्यांनी मला कधी एवढ्या वयाचं पाहिलं नाही.
मी कपाळावरचे केस मागे सारले.
त्यांनीही सारले.

मग पेटीचं झाकण पुन्हा दाबून बघितलं.
लिंकनला तास लागतो,
आणि बर्फ काही थांबत नाही.